जिन्याखालचा खांब

१२ जून. सोमवारी शाळा उघडते आणि रंगकाम अजून अर्धं बाकी आहे. सकाळपासून बाकं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात हलवण्याचं काम चाललंय. एक टोक शिपाईमामा धरतात, दुसरं मी. मुख्याध्यापिकेनं बाक उचलू नये, असं संस्थेच्या एका सदस्यांचं मत आहे. ते स्वतः उचलायला आलेले नाहीत.

दुपारी पेंटर जिन्यापाशी येऊन थांबला. इस्लामपूरचा आहे. हात चांगला आहे, आणि तोंड हाताबरोबरच चालतं.

"बाई, ह्ये टेशन ठिवायचं का पांढरं करायचं?"

आमच्या शाळेच्या जिन्यालगतच्या भिंतीवर मुंबईचं व्हीटी स्टेशन आहे. डाव्या अर्ध्या भागात स्टेशन बाहेरून दिसतं. घुमट, घुमटावर मशाल धरून उभी असलेली बाई, घड्याळ, फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. उजव्या अर्ध्या भागात त्याच घुमटाच्या खालची जागा आहे, आतली. तिथून एक दगडी जिना वर गेलाय आणि जिन्याच्या खाली एक जाड करडा खांब आहे. संस्थेला त्या भिंतीवर सुविचार आणि स्वच्छतेची घोषणा हवी आहे. नाव बदलून बरीच वर्षं झालेलं स्टेशन आपल्या शाळेत कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे.

"उद्या सांगते," म्हटलं.

"आज सांगितलं तर आजच एक हात मारला असता."

"उद्या."

तो वरच्या मजल्यावर गेला. मी बाकावर बसून पाणी प्यायले आणि भिंतीकडं बघितलं. रोज या जिन्यानं जाते-येते, पण बसून बघायची वेळ येत नाही.

हे चित्र आमच्या चित्रकलेच्या सरांचं. गावात त्यांना टेशनमास्तर म्हणायचे. नव्यानं गावात आलेल्या एका पालकाला ते खरंच रेल्वेत होते असं वाटलं. तो त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, पोराला भरतीसाठी जबलपूरला जायचंय, तेवढं रिझर्वेशन करा. सर दुसऱ्या दिवशी मिरजेला गेले, रांगेत उभे राहिले आणि तिकीट आणून दिलं. आपण रेल्वेत नाही हे त्यांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "त्याचं काम झालं ना?" एवढंच म्हणाले.

सरांचा रेल्वेशी संबंध इतकाच की चित्रकलेचं शिक्षण त्यांनी मुंबईत घेतलं. राहायच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून सुटीच्या दिवशी ते व्हीटीच्या समोरच्या फूटपाथवर वही घेऊन बसायचे. गाड्या त्यांनी कधी काढल्या नाहीत. स्टेशन म्हणजे गाड्या नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. लग्नात सगळे जेवायला बसले की हे मांडवात उभे राहून वर बघत असायचे. कुणाचं नवं घर बघायला गेले की आधी छत बघायचे, मग घरच्यांना नमस्कार. साखर कारखान्याच्या नव्या कचेरीच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी तासभर इमारतीचं कौतुक केलं. बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "खिडकी चांगली आहे. पण एकच खिडकी इतक्या वेळा कशाला लावली?"

साताऱ्यावर त्यांचा वेगळा राग होता. सातारा छत्रपतींची राजधानी, पण तिचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला. "व्हीटीला महाराजांचं नाव दिलं ते योग्यच झालं," ते म्हणायचे. "पण महाराजांच्या राजधानीतून तिकडं जायचं तर आधी रिक्षा करा." साताऱ्याहून कुणी शिक्षक बदलून आला की त्याला हे ऐकावं लागायचं. जणू रूळ त्यानंच लांबून टाकले होते.

मी शाळेत लागले तेव्हा सगळ्यांत नवी होते. सहलीला मुलींबरोबर एक बाई लागतात म्हणून मला पाठवलं. नववीची सहल, एसटीची गाडी, मुंबई. उजाडताना गाडी व्हीटीच्या समोर उभी राहिली. मुलं झोपेतून उठलेली. कुणाला चहा हवा होता, कुणाला लघवीला जायचं होतं, समुद्र तर सगळ्यांनाच हवा होता. सरांनी सगळ्यांना फूटपाथवर ओळीत उभं केलं आणि एकेकाकडं बोट दाखवत म्हणाले, "तू घुबड. तू खार. तू मोर. तू माकड."

त्या इमारतीवर दगडात कोरलेली जनावरं आहेत. पाखरं, पानं, माणसांची तोंडंसुद्धा आहेत. ज्याला जे जनावर दिलं ते त्यानं भिंतीवर शोधायचं आणि वहीत काढायचं. ही सरांची पद्धत. मुलींना मी स्टेशनात नेऊन आणलं, तोवर मुलांच्या माना वर गेलेल्या होत्या.

"ही जनावरं तुमच्यासारख्या पोरांनी कोरलीत," सर सांगत होते. "चित्रकलेच्या शाळेतल्या."

"त्यांची नावं कुठं हायत, सर?" एका मुलीनं विचारलं.

"नावं नाहीत."

"मग त्यास्नी मार्क कसं दिलं?"

 ही गोष्ट सर पुढं कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये सांगायचे.

जतकडचा एक मुलगा मामाकडं शिकायला होता. त्याला सरडा दिला होता. तो म्हणाला, "सर, मेंढरू न्हाई का?" सर विचारात पडले. म्हणाले, "मला तरी सापडलेलं नाही. तू शोध." तो बराच वेळ भिंतीला नाक लावून फिरला आणि शेवटी ओरडला की सापडलं. सरांनी वर बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "मला तो कुत्रा वाटतो," ते म्हणाले. "पण मेंढरं तू जास्त बघितलीस. मेंढरूच लिही."

घड्याळाखाली एक रिकामी जागा आहे. पूर्वी तिथं इंग्रजांच्या राणीचा पुतळा होता, पुढं तो उचलून नेला. तिथं आता कोण शोभेल, असं सर दरवर्षी विचारायचे. पाटलांच्या मुलानं आपल्या आजोबांचं नाव सुचवलं. सर म्हणाले, "बसतील. पण बसल्या जागेवरून समोरच्या रस्त्याला शिव्या देतील."

"सर, समुद्र कवा?"

"समुद्र कुठं जात नाही. ऊन सरकतंय."

चौपाटीवर पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं आणि पाणी लांब गेलेलं. वाळूनं मुलांचे पाय भाजले. परत आल्यावर एक पालक शाळेत येऊन भांडला. "पोरगं ममईला जाऊन घुबड बघून आलं. घुबड आमच्या चिंचंवर बी हाय." सर त्याला म्हणाले, "मग चिंचेवरचं काढायला सांगा. आता येईल त्याला."

वर्गात त्यांचा एक नियम होता. आधी मागचं काढायचं, मग पुढचं. एका मुलीनं घर काढलं होतं आणि घरापुढं बैल. सरांनी तिला बैल पुसायला लावला आणि मागची भिंत पुरी करायला सांगितली. विटांसकट.

"सर, पुढं बैल हाय. भिंत दिसणार न्हाई."

"बैल उद्या हलला तर?"

वर्ग हसला. पण त्यांच्याकडं शिकलेल्या सगळ्या मुलांना ही सवय लागली. माझी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली. तिच्या वहीत झाडामागं अख्खी विहीर असायची, रहाटासकट. ती झाडानं झाकली जायची आणि पेपर अर्धा राहायचा. मी सरांना म्हटलं, न दिसणाऱ्या गोष्टीवर इतका वेळ घालवू नका. ते म्हणाले, "बाई, तुम्ही गणिताच्या. हातचा तरी कुठं दिसतो? धरावा लागतो ना?"

इतकं सगळं असून सर त्या इमारतीच्या आत कधी गेले नव्हते. तिकिटांच्या दालनात गेले होते, तिथं सगळेच जातात. छतावर तारे काढलेत ते त्यांना पाठ होते. पण घुमटाखालचा जिना रेल्वेच्या कचेऱ्यांत येतो. शिकत असताना एकदा वही घेऊन ते दारापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, काम काय आहे. हे म्हणाले, बघायचं आहे. तो म्हणाला, बघणं हे काम नसतं. सर परत फिरले आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत. हा प्रसंग ते हसून सांगायचे. दोनदा-तीनदा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की हसणं वरवरचं होतं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी हे भिंतीवरचं चित्र काढायला घेतलं. ऑइलपेंट आणला. बाहेरची बाजू पाठ होती. आतल्या बाजूसाठी त्यांच्याकडं जुन्या मासिकातला एक फोटो होता. त्यात घुमट होता, जिना होता, पण जिन्याच्या खालचा भाग छापताना कापलेला. सगळं काम मे महिन्याच्या सुटीत, बंद शाळेत झालं. जूनमध्ये आम्ही आलो तेव्हा चित्र पुरं होतं, जिन्याखाली खांब उभा होता आणि शिपाईमामांना सक्त ताकीद होती की हे चित्र फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचं. ओलं फडकं लावायचं नाही. खांबाचा रंग लवकर उडायचा. दिवाळीच्या सुटीत सर डबा आणि ब्रश घेऊन यायचे आणि तेवढा खांब पुन्हा रंगवून जायचे. निवृत्तीनंतरही यायचे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला खांबाचा लळा लागलाय.

वाद सुरू झाला तो त्यांच्याच एका विद्यार्थिनीमुळं. ती रेल्वेत कारकून लागली होती, मुंबईत, त्याच इमारतीत. गावच्या जत्रेला आली तेव्हा शाळेत पेढे घेऊन आली. सरही होते. ती चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "सर, भारी काढलंय. पण खांब न्हाई हो तिथं."

"आहे," सर म्हणाले.

"न्हाई सर. जिना भिंतीतनंच आलाय. खाली कायबी न्हाई."

"दगडाला खाली काहीतरी लागतं. तू खिडकीत बसून काम करतेस. कामात लक्ष असेल तर जिना दिसायचा नाही."

"दिसत न्हाई कसा? रोज चढती की मी त्यावरनं."

सरांनी पेढा घेतला नाही. त्या दिवाळीला खांब आणखी जाड झाला.

पुढं इमारतीचा काही भाग लोकांना दाखवायला लागले. माहिती देणारं माणूस बरोबर असतं आणि जिन्यापर्यंत नेतात. मी सरांना सांगितलं. म्हणाले, पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात पाऊस होता, मग गणपती, मग गुडघा. असं चालत राहिलं. मग मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेनं जायला लागली. समोरचं दिसायचं, तेही एका वेळी ताटाएवढं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचं बघू, गेलेलं परत येणार नाही.

मी त्यांच्या घरी गेले. ते बाहेर खुर्चीवर होते. त्यांच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"बाई, न्या त्यास्नी एकदा," वहिनी म्हणाल्या. "डोळं हायत तवर."

"मी म्हणतेच आहे. तेच पुढं ढकलतात."

"ढकलणारच. इतकी वर्सं पोरांस्नी खांब दावला. गेलं आनि खांब नसला तर?" त्यांनी भाकरी उलटली. "घरात बी तेच हाय. झोपंत जिना चढत्यात. मी म्हनलं, आवं, एकदाचं बघून या, न्हाईतर मला तरी झोपू द्या."

बाहेर येऊन मी सरांना तारीख सांगितली, विचारली नाही. माझी मुलगी आता मुंबईत असते, तिच्याकडं उतरायचं. ते म्हणाले, "गुडघा..." मी म्हटलं, गुडघाही घेऊन चला.

आम्ही गेलो. माहिती देणारी मुलगी भराभर बोलत होती आणि लोक फोटो काढत होते. सरांनी माझा खांदा धरला होता. आत गेल्यावर ते थांबले.

"बाई, तुम्ही सांगा. तुम्ही उगाच सुंदर-बिंदर म्हणत नाही, ते बरं पडतं."

"समोर जिना आहे," मी म्हटलं. "दगडी पायऱ्या. भिंतीच्या कडेनं वर जातात, वळतात, पुन्हा वर. कठडा लोखंडी आहे. वर घुमट, आठ बाजूंचा. खिडक्यांना रंगीत काचा. काचांवर ऊन आहे."

"खाली?"

"मोकळं आहे."

"मोकळं म्हणजे?"

"खांब नाही."

"पलीकडून बघा."

मी पलीकडं जाऊन आले. "तिकडूनही नाही."

"वाकून बघितलं?"

मी परत गेले आणि वाकले. दोन कॉलेजची मुलं माझ्याकडं बघायला लागली. "पायरीचं एक टोक भिंतीत आहे," मी म्हटलं. "दुसरं टोक हवेत. खाली काही नाही, सर."

सर पुढं आले आणि जिन्याच्या मोकळ्या कडेखाली हात घातला. एकेक पायरी खालून चाचपत चालले. तोंड माझ्याकडं नव्हतं. पहारेकरी आला.

"आजोबा, हात नका लावू. काय शोधताय?"

"खांब."

"इथं खांब नाहीये."

"हो," सर म्हणाले. "तेवढंच बघायचं होतं."

मग ते जिना चढायला लागले. मधेच उभे राहिले. वरून कचेरीतली तीन-चार माणसं बोलत बोलत उतरली आणि आमच्या शेजारून गेली. सरांनी पाय घट्ट रोवून अंदाज घेतला.

"हलत नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी मान वर केली आणि घुमटाकडं बघत राहिले. एका वेळी ताटाएवढं, मग शेजारचं ताटाएवढं, असं मान फिरवत फिरवत. आमच्याबरोबरचे लोक पुढं निघून गेले. मी घाई केली नाही. आम्हाला त्या दिवशी गाडी पकडायची नव्हती.

"बाई, तुमचं वर बघायचं राहिलं."

मी वर बघितलं. "चांगलं आहे," म्हटलं.

"तुमच्या तोंडून म्हणजे बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. पुणं गेलं, नीरा गेली. मी मुलीनं दिलेला डबा उघडला, त्यांनी दोन घास खाल्ले. दुपार उतरताना गाडी थांबली.

"सातारा?"

"माहुली," मी म्हटलं.

ते जरा हसले. गाडी हलल्यावर म्हणाले, "पुसावा लागेल."

"काय?"

"खांब. मला आता ते होणार नाही. तुम्ही करा."

"सर, मला चित्र काढता येत नाही."

"काढायला कुठं सांगतोय? पुसायला सांगतोय. ओलं फडकं घ्या."

"ऑइलपेंट ओल्या फडक्यानं जात नाही. खरवडावा लागेल. भिंत खराब होईल."

"फडकं घ्या," ते म्हणाले आणि खिडकीकडं वळले.

वयानं विसरले असतील असं मला वाटलं. म्हटलं, रंगकाम निघालं की बघू. ते म्हणाले, तोवर शिपायाला कोरडंच फडकं वापरायला सांगा.

दिवाळीला ते आले नाहीत. खांबाचा रंग उडत राहिला. थंडीत छातीचं दुखणं आलं आणि चार दिवसांत गेले. त्याला आता दीड वर्ष झालं. रंगकाम या सुटीत निघालं.

१३ जून. पेंटर यायच्या आत शाळेत गेले. बादलीत पाणी घेतलं, पदर खोचला आणि खांबाच्या तळाशी, कोपऱ्यात, फडकं लावून बघितलं. जाईल असं वाटलं नव्हतं. फडक्याला करडा रंग आला. पुन्हा लावलं, आणखी आला. खालून फरशीचा चौकोन निघाला, त्याला लागून दुसरा. मी वर वर सरकत गेले. भिंतीचे दगड निघाले, दगडांमधल्या रेघा निघाल्या. शेवटी पायरीची खालची कड निघाली, तिच्या सावलीसकट. सगळं ऑइलपेंटचं, घट्ट, काल काढल्यासारखं. एकटा खांब पाण्यानं निघणाऱ्या डिस्टेंपरचा होता, वरून लावलेला. त्या मे महिन्यात जिना आधी खांबाशिवायच पुरा झाला होता.

पाणी बदलून आणलं आणि राहिलेला डाग पुसून घेतला. पेंटर शिडी घेऊन आला. शिडी टेकवून उभा राहिला, मग वाकून चित्रातल्या जिन्याच्या खाली बघायला लागला.

"बाई, खांब काढला व्हय? जिना पडंल की."

"पडत नाही," मी म्हटलं. "मी बघून आलेय. सुविचार पाण्याच्या टाकीवर लिही. ही भिंत सोड."